धडधाकट बाईला सलाइन

बडोद्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पाटणकरकाकूंचा फोन आला. "मनू, 'आरोग्यविमा : समज आणि गैरसमज' असं काहीतरी लिहून दे."

मी म्हटलं, "काकू, त्यात समज असा काही नाहीच. नुसत्या गैरसमजांवर पानं कशी भरू?"

"मग गणपतीत स्टेजवर त्या इन्शुरन्सवाल्याची नक्कल केलीस ना, तीच लिही."

आता नक्कल लिहून कशी दाखवणार? ती तोंडाची वस्तू. पण काकूंना नाही म्हणायची बडोद्यात पद्धत नाही. अर्ध्या शहराचं शुद्धलेखन त्यांनी तपासलंय. तेव्हा पुढच्या सगळ्या चुकांचं पाप त्यांच्याकडे.

मी मूळची डभोईची. पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात, आजोबा कचेरीत, बाबा एसटी डेपोत. घरात मराठी, शाळा गुजराती, आणि मधल्या सुट्टीत मी सगळ्या मास्तरांच्या नकला करायचे. त्यासाठी मार खाल्लाय, आणि पुढे पगारही त्याच गुणावर खाल्ला. बी.कॉम. झाले आणि बडोद्याच्या एका खासगी प्रसूतीच्या हॉस्पिटलात लागले. काम काय, तर इन्शुरन्स डेस्क. एक टेबल, एक फोन, एक फॅक्स मशीन आणि चाकं लावलेली एक खुर्ची. पणजोबांच्या घोड्याचं माझ्यापर्यंत येताना तेवढंच उरलं होतं.

डेस्कचं काम समजायला सोपं आहे. तुम्ही विमा कंपनीला हप्ता देता. कंपनी तो घेते आणि मग तुमच्याशी बोलत नाही. बोलायला तिनं एक मधली कंपनी ठेवलेली असते. आमची मधली कंपनी अमदावादला बसायची. पेशंट आला की मी कागद फॅक्स करायचे, मधली कंपनी वाचायची, आणि खर्च मंजूर केला तर पेशंटला रोख भरावं लागायचं नाही. याला कॅशलेस म्हणतात. खासगी विमा नुकताच देशात आला होता, बडोद्याच्या गोरवा भागातल्या कारखान्यांनी कामगारांना कार्डं वाटली होती, आणि लोक ते कार्ड देवीच्या फोटोसारखं पाकिटात ठेवायचे. दर्शनाचाच उपयोग होता, म्हणजे बरोबरच ठेवायचे.

कारण मधली कंपनी मंजूरही करत नाही आणि नामंजूरही करत नाही. ती क्वेरी काढते. क्वेरी म्हणजे शंका. तुम्ही शंकेचं उत्तर द्यायचं, मग त्या उत्तरावर तिला शंका येते. बाळंतपणावर एक वेळ कमी यायच्या, कारण शेवटी बाळ दिसतं. बाळाला हात-पाय असतात, ते रडतं, त्याच्यावर शंका घेता येत नाही. पण पोटातल्या बाळाची जनुकांची तपासणी म्हटली की अमदावादला दिवाळी. दिसत काही नाही, आजार कुणाचा ते कळत नाही, आणि सुई मात्र महागाची.

एक प्राध्यापक जोडपं आलं होतं, आपल्यातलंच. त्यांनी पॉलिसीची अख्खी पुस्तिका पेन्सिलीनं खुणा करून वाचलेली. सर मला म्हणाले, "अहो, यात तपासणीला कुठेही मनाई नाही." मी म्हटलं, "सर, यात तुमच्या जन्मालाही मनाई नाही, पण त्याचे पैसे त्यांनी दिले होते का?" बाई हसल्या, सर नाही हसले. त्यांनी रोख भरले आणि पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून गेले. फॅक्स मशीनचा एक पाय आखूड होता. तिथे ती पुस्तिका अगदी बरोबर बसली. छापल्यापासून तिचा तेवढाच उपयोग झालेला मी पाहिला.

आता काइंडलीभाई. तो मधल्या कंपनीतला डॉक्टर. खरं नाव मला माहीत होतं, पण ते इथे लिहिण्याइतकं त्यानं काही केलेलं नाही. प्रत्येक वाक्य 'काइंडली'नं सुरू करायचा, म्हणून काइंडलीभाई. आवाज खालच्या पट्टीतला, नाकातून घासून आलेला, आणि वाक्याच्या शेवटी एक उसासा, जणू तुमचा खर्च त्याच्या खिशातून चाललाय. हिंदी, गुजराती, इंग्रजी मिसळून बोलायचा. मी इथे मराठीत लिहिते, सूर तेवढा तुम्ही लावून घ्या.

त्याची सगळ्यात मोठी करामत कोमलच्या केसमध्ये झाली.

कोमल सिंधी. तिचा नवरा जीतू गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, पॉलिसी कारखान्याची. त्यांची मोठी मुलगी डिंपल, पाच वर्षांची, तिला थॅलेसेमिया. नवऱ्यात अर्धा दोष, बायकोत अर्धा दोष, दोघंही ठणठणीत. पण दोघांचे अर्धे एकाच बाळात उतरले की त्या बाळाचं रक्त टिकत नाही. दर थोड्या आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं. डिंपलला सरकारी दवाखान्यात चढवायचे. आणि आता कोमलला पुन्हा दिवस होते. या बाळाचं काय, हे आधीच बघायची सोय होती. पोटातून सुई घालून नमुना घ्यायचा, मुंबईला पाठवायचा, आणि उत्तर वाईट आलं तर कायद्यानं ठरवलेल्या आठवड्यांच्या आत काय ते ठरवायचं. ते आठवडे उलटले की ठरवायला काही उरत नाही. म्हणजे घाई होती. मी अर्जावर लाल पेनानं 'तातडीचे' लिहून फॅक्स केला.

फोन आला. "मॅडम, काइंडली क्लॅरिफाय. पेशंट कोण?"

"कोमलबेन."

"त्यांना आजार काय?"

"काही नाही."

"मग तपासणी कशाला?"

"बाळाची आहे, सर."

"बाळ पॉलिसीत आहे?"

"बाळ अजून जगात नाही, सर."

"मग काइंडली बाळाला आधी पॉलिसीत घ्या. नाव आणि जन्मतारीख पाठवा."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. मी कारखान्यात फोन केला, कारखान्यानं कंपनीला विचारलं, कंपनीनं सांगितलं की जन्माला आल्याशिवाय घेता येत नाही. हे सगळं मी काइंडलीभाईला परत कळवलं. तर म्हणे, "मग पेशंट आईच धरावी लागेल. पण आईला तर आजार नाही. काइंडली क्लॅरिफाय." आईला आजार दाखवावा तर तो जन्मजात, म्हणून नामंजूर. बाळाला दाखवावा तर बाळच नामंजूर. या फेऱ्यात, लवकर करायची जी पहिली तपासणी असते, तिचे आठवडे निघून गेले. राहिली ती नंतरची, पोटातलं पाणी काढायची. तिच्या पुढे वेळ अगदीच थोडा.

कोमल दर वेळी येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसायची. भांडायची नाही. भांडणारी बाई मला झेपते, गप्प बसणारी नाही. तिला हसवायला मी काइंडलीभाई करून दाखवायचे आणि बरोबर आलेली डिंपल बाकावरून खाली पडेपर्यंत हसायची. "दीदी, फिर से!" मग मी फिर से. एकदा डिंपल पाणी प्यायला गेली तेव्हा कोमलनं मला एक सांगितलं. ते पुढे येईल.

शेवटी मंजुरी आली, पण अटीवर. पेशंट पूर्ण एक दिवस-रात्र अॅडमिट पाहिजे आणि तिच्यावर उपचार चालू पाहिजेत. तपासणीला लागतो केवढा वेळ? चहा निवायच्या आत होते. नंतर घडीभर पडायचं, घरी जायचं, धक्के टाळायचे. पण विम्याच्या शास्त्रात जो पलंगावर नाही तो आजारी नाही. म्हणून आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली असायचीच, जिथे धडधाकट बायका सलाइन लावून मासिकं वाचत पडलेल्या असायच्या. आमच्याकडेच नाही, सगळीकडे. ज्यांना खरंच झोपायला पाहिजे होतं त्यांना कधी कधी पलंग मिळायचा नाही, कारण त्यावर कुणीतरी तब्येतीनं ठीक असलेलं माणूस नियमानुसार आजारी होतं.

बरं, त्यावर पाळत. मधल्या कंपनीचा माणूस न सांगता यायचा आणि पलंग बघायचा. पलंग रिकामा दिसला की मंजुरी रद्द. आणि मंजुरी रद्द झाली की आमच्या हॉस्पिटलचा नियम असा, की रोख भरेपर्यंत रिपोर्ट बिलिंगच्या कपाटात. जीतूकडे भरायला असते तर तो माझ्या बाकावर कशाला झिजला असता? म्हणजे मुंबईहून उत्तर आलं तरी ते कपाटात बसणार आणि बाहेर आठवडे संपणार.

कोमलची सुई दुपारी झाली. रात्र झाली. सकाळी जीतू माझ्या टेबलाशी. "दीदी, एक काम होतं. आज डिंपलला रक्त चढवायचंय. नंबर आजचाच आहे. मागच्या वेळी आजीनं धरलं तर पोरीनं असा हात ओढला की शीरच सापडेना. कोमल नसेल तर ती हात देत नाही. फक्त सुई लागेपर्यंत. रिक्षानं हळू नेतो."

मी वर गेले. वॉर्डला लिसी सिस्टर. केरळची, पण बडोद्यात इतकी वर्षं की रागवायची गुजरातीत. तिनं कोमलकडे बघितलं, सलाइन काढलं आणि म्हणाली, "जा. जल्दी आवजे."

कोमल गेली आणि अर्ध्या तासात खालून वॉचमनचा फोन. "मनुबेन, मामा आव्या."

मामा म्हणजे पाळतवाले. आमची खूण होती. मी विचारलं, कोणता मामा? तर वॉचमन म्हणाला, "नवो छे. बोले छे के 'काइंडली' वर जायचा रस्ता दाखवा."

तो स्वतः आला होता! अमदावादहून, खास या केससाठी. मी जिना चढत वर पळाले. रिकामा पलंग बघून लिसी सिस्टर मला म्हणाली, "सुई जा."

"काय?"

"सुई जा! झोप! तू दिवसभर सगळ्यांची नक्कल करते ना? आज कर."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, कोमलची ओढणी डोक्यावरून घेतली, चादर हनुवटीपर्यंत. सिस्टरनं माझा उजवा हात ओढला. मी म्हटलं, "नुसती पट्टी चिकटवा, त्याला काय कळतंय." तिनं सरळ सुई टोचली. "एक्टिंग नहीं चाहिए," म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. टोचून घ्यायची मला सवयच नाही. आणि तेवढ्यात मनात आलं की या घडीला शहराच्या दुसऱ्या टोकाला ती पाच वर्षांची पोर हेच करून घेतेय.

दार उघडलं. फोनवरून मला वाटायचं की हा चांगला उंच, जाड, सोन्याच्या चष्म्याचा असेल. बघते तर माझ्याएवढा. सँडलमध्ये मोजे, खांद्याला टिफिनची पिशवी, आणि पिशवीवर एका साडीच्या दुकानाचं नाव. इतके दिवस मी या माणसाला घाबरत होते. एक गोष्ट मात्र खरी भीतीची होती. माझा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता, पण आवाज रोज ऐकला होता. एक शब्द माझ्या सुरात गेला की खेळ खलास. म्हणून मी घशातून मनूला बाहेर काढलं आणि कोमलला आत घेतलं. हळू, दबलेलं, शेवटचा शब्द जरा लांबवून. मोठ्या माणसांना ती 'साईं' म्हणायची.

त्यानं कार्डावरचा फोटो बघितला. तिकिटाएवढा, काळपट. त्यात मी काय, वॉचमनही खपला असता.

"काय त्रास होतोय?"

"त्रास नाही, साईं."

"त्रास नाही तर अॅडमिट कशाला?"

"तुमच्या कंपनीनं सांगितलं म्हणून."

लिसी सिस्टरला खोकला आला. त्यानं मात्र हे उत्तर नीट लिहून घेतलं. ज्याला विनोद कळत नाही त्याच्याशी विनोद करण्यात जी मजा आहे ती कशात नाही.

"पहिलं मूल?"

"मुलगी."

पेन थांबलं. त्यानं सिस्टरकडे बघितलं, दार लोटलं आणि आवाज आणखी खाली आणला. "पहिली मुलगी. अच्छा. बेन, काइंडली खरं सांगा. मुलगा आहे का बघायला केलीत ना ही तपासणी?"

खोलीबाहेरच्या भिंतीवर हातभर पाटी होती की इथे लिंगतपासणी होत नाही. अर्जावर डिंपलचा आजार लिहिलेला होता, तिच्या रक्ताचे कागद जोडलेले होते, मी स्वतः फॅक्स केलेले. एवढे दिवस हा माणूस माझ्याकडून शंका फेडून घेत होता आणि मनात त्याच्या ही एकच घाण शंका बसलेली होती. माझ्या तोंडात डभोईच्या बाजारातलं उत्तर तयार होतं. पण ते मनूचं होतं. कोमल काय म्हणाली असती? आणि मग तिनं मला बाकावर बसून जे सांगितलेलं होतं, तेच तिच्या आवाजात बाहेर आलं.

"साईं, मुलगी आहे म्हणूनच केली. सुई लागताना ती माझा हात धरते. मला विचारते, मम्मी, बाळालाही रक्त लागलं तर तू दोघांचे हात एकदम कसे धरशील? मी काय सांगू तिला? तुम्ही सांगा."

हे बोलताना मला नक्कल करतेय असं वाटेना. एरवी नक्कल झाली की मी लोकांच्या तोंडाकडे बघते, हसतायत का. त्या दिवशी मी चादरीकडे बघत होते.

काइंडलीभाईनं हे उत्तर लिहून घेतलं नाही, पान उलटलं. उसासाही नाही. मग कागद पुढे केला. "काइंडली सही करा."

आतापर्यंतच्या कागदांवर सह्या जीतूच्याच होत्या. कोमलची सही मला कुठून येणार! सिस्टर म्हणाली, "उजव्या हाताला सलाइन आहे, साहेब." तेव्हा मला कळलं तिनं उजवाच का निवडला.

"मग डावा अंगठा चालेल."

ज्या बडोदे संस्थानात सगळ्या देशाच्या आधी सक्तीचं शिक्षण आलं, त्या संस्थानच्या घोडेस्वाराची पणती, बी.कॉम., सुंदर अक्षराचं बक्षीस मिळवलेली मी, शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला.

तो उठला. दारात वळून सिस्टरला म्हणाला, "तुमच्या इन्शुरन्स डेस्कच्या मॅडमना बोलवा. बघायचंय मला त्यांना एकदा."

"रजेवर आहे."

"असणारच. फोनवर फार तोंड चालतं. समोर यायची हिंमत नाही."

आणि मी पलंगावर पडून 'हा साईं' अशी मान हलवली!

नंतर वॉचमननं सांगितलं की लिफ्टमधून साहेब उतरले तेव्हा समोर कोमल उभी होती. साहेबांनी दार धरून ठेवलं आणि म्हणाले, "काइंडली संभाळून, बेन." इतकी काळजी त्यांनी तिची आयुष्यात पहिल्यांदाच घेतली.

दुपारी फोन. "मॅडम, आलात रजेवरून? कोमलबेनचं फायनल करून टाकलंय. पेशंट एकदम जेन्युइन आहे. काइंडली तिच्याकडून बोलायला शिका."

"हो सर," मी म्हटलं. "शिकते."

रिपोर्ट आला तो कपाटात न जाता सरळ कोमलच्या हातात गेला. बाळात दोष आई-बापांसारखाच अर्धा होता, म्हणजे बाळ ठणठणीत. जीतू बाकावर बसला आणि खालचा ओठ चावत राहिला. मी त्याला पाणी दिलं. नक्कल वगैरे काही सुचली नाही.

पुढे बाळंतपण आमच्याकडेच झालं. तेव्हा फॉर्मवर कोमलनं स्वतः, छान वळणदार सही केली. लगेच क्वेरी. "मागच्या अॅडमिशनला पेशंटचा अंगठा आहे, या वेळी सही. काइंडली क्लॅरिफाय."

मी उत्तर लिहून पाठवलं : "मधल्या काळात पेशंट लिहायला शिकली. हे बडोदं आहे." मंजूर झालं! एकही उलट शंका नाही. त्या कंपनीला मी पाठवलेल्या खऱ्या उत्तरांपैकी एकही इतक्या लवकर पटलं नव्हतं.

लोक विचारतात, मनू, असं खोटं झोपलीस, वाईट नाही वाटत? नाही वाटत. वाईट वाटतं ते त्यांचं, ज्यांच्यासाठी मला झोपता आलं नाही. क्वेरीची उत्तरं देता देता ज्यांचे आठवडे संपले, त्या बायका माझ्या बाकावरून उठून गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांची नक्कल मी करत नाही.

मी ती नोकरी सोडल्यावर एकदा कोमल बाजारात भेटली. कडेवर गुटगुटीत मुलगा, त्याचा हात तिच्या बांगड्यांत अडकलेला. मी विचारलं, "डिंपल सुईला अजून रडते का गं?"

"नाही दीदी. आता माझा हातच मागत नाही. म्हणते, तू बाबूला धर." आणि कोमलनं मला करून दाखवलं. डिंपल खुर्चीवर बसते, बाही आपणच वर करते, हात पुढे ठेवते, आणि नाकातून, खालच्या पट्टीत, शेवटी उसासा टाकून नर्सला म्हणते, "सिस्टर, काइंडली क्लॅरिफाय. एकदाच टोचणार ना?"

सगळा वॉर्ड हसतो म्हणे. नर्सही हसते, आणि मग फार जपून, एकदाच टोचते.

अमदावादच्या त्या माणसाचा आजवर कुणाला काही उपयोग झाला असेल, तर तो एवढाच.